गजर होईपर्यंत

दुपारचा चहा झाला की आमच्या घरात सगळ्यांची नजर दाराकडे जायची. बाबा कप खाली ठेवायचे, शर्टाची बटणं लावायचे, खुंटीवरची पिशवी काढायचे आणि म्हणायचे, "चला, मी जातंय. दुसरी पाळी." साकीनाक्याच्या ज्या कारखान्यात त्यांनी अख्खा जन्म लेथवर काढला तो कधीच बंद झाला होता. पण आजाराने त्यांच्या डोक्यातली मधली वर्षं पुसून टाकली आणि पाळी तेवढी शाबूत ठेवली. दुपार झाली की पाय चालायला लागायचे.

आम्ही असल्फ्याला राहतो, टेकडीच्या पोटाला. उतार उतरला की रस्ता सरळ साकीनाक्याला. वर मेट्रो, खाली ट्रक, रिक्षा, टेम्पो, आणि मधे कुठेतरी पांढऱ्या शर्टातले माझे बाबा. किती वेळा त्यांना शोधून आणलं असेल! शेवटच्या वेळी दादाला ते रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर बसलेले सापडले. दोन्हीकडून गाड्या जात होत्या आणि बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसची वाट बघत होते.

दादा बोरिवलीला राहतो. त्या दिवशी त्याने बाबांना घरी आणून पलंगावर बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभा राहिला. म्हणाला, "हे शेवटचं. परत एकदा ते एकटे बाहेर गेले ना, तर सरळ अशा आजारी माणसांच्या केंद्रात ठेवायचं. मी जागा बघून आलोय. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत." आई डाळ धूत होती, ती धूतच राहिली. मी म्हटलं, "ठीक आहे." काय बोलणार होते दुसरं? मलाही रात्री झोप लागत नव्हती.

"मग दाराला कुलूप लावू," असं मी आईला म्हटलं तेव्हा मात्र ती उसळली. "कुलूप घालूक तेनी काय चोरी केल्यानी?" कुलूप नाही म्हणजे नाही. त्याऐवजी ती दारात आडवी बसायची. एकदा तर पायरीवर चक्क आडवी पडली, आता बघू कसे जातात म्हणून. बाबा तिला ओलांडून गेले. "बाजूक हो गो, पाळी चुकतली," एवढंच म्हणाले. ती कोण हे त्यांना त्या वेळी उमगलं होतं की नाही, देव जाणे. आईने त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण त्यानंतर तिने दारात बसणं बंद केलं.

उपाय सापडला तो अपघाताने. एका दुपारी बाबा पिशवी घेऊन निघाले आणि मी चिडून, काही सुचेना म्हणून, फोनवर डबलबारी लावली. आमच्या कोकणातल्या माणसांना ती सांगायला नको. इतरांसाठी सांगते, डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एकाने आपल्या बारीत, म्हणजे गायची वेळ आली की, गाण्यातून सवाल टाकायचा, चिमटे काढायचे, आणि दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं. शेवटी देवाच्या नावाचा दणदणीत गजर. बाबा कारखान्याच्या मंडळात झांज वाजवायचे, ती जोडी अजून आमच्या देवाच्या फळीवर असते, आणि त्यांचा एक नियम होता. समोरच्या बुवाची बारी ऐकल्याशिवाय, गजर झाल्याशिवाय उठायचं नाही. आपलं गाऊन झालं म्हणून मधेच उठून जाणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हता. फोनमधून पखवाज वाजला आणि बाबा दारातून परत फिरले, पिशवी घेऊनच खाली बसले.

मला वाटलं, सुटलो! कसलं काय. टीव्हीवर नेटवरून सामना लावला, तर ऐन सवालावर साबणाची जाहिरात आली. एक बाई फेसात हसत होती. बाबा म्हणाले, "झालो वाटता," आणि उठले. पैसे भरून जाहिराती बंद केल्या, तर नेट झोपायला लागलं. पडद्यावर ते गोल गोल चक्र फिरायला लागलं की बाबांचे पाय हलायचे. शिवाय लोकांनी नेटवर टाकलेले निम्मे सामने अर्धवट. गजरच कापलेला! च्यायला, टाकायचं तर पूर्ण टाका ना.

बाबांच्या ट्रंकेत सामन्यांच्या सीड्या होत्या. गावी जत्रेत, इथे परळला, जिथे मिळतील तिथे घेतलेल्या. पूर्ण सामने, स्तवनापासून गजरापर्यंत. पण माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला तोंडच नाही. तेव्हा मला माळ्यावरचा दादाचा कॉम्प्युटर आठवला, त्याच्या डिप्लोमाच्या वेळचा. चादरीत गुंडाळून ठेवलेला. भंगारवाला दर दिवाळीला मागायचा आणि आई दर दिवाळीला म्हणायची, "असू दे, खातां काय तो?"

मी तो खाली काढला. आतून झुरळ निघालं, मूठभर धूळ निघाली आणि मशीन चालू झालं. माझा स्वतःवर विश्वास बसेना. मी ऑफिसात विम्याच्या क्लेमचे कागद तपासणारी बाई, स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचं माहीत होतं तेवढंच. दादाला फोन केला तर म्हणाला, "अगं, नवीन घे ना छोटी डबी, टीव्हीच्या मागे लागते. त्या डबड्यात कशाला जीव घालतेस?" म्हटलं, "तुझ्या डबीत सीडी जाते का?"

मग सुरू झाली वरात. जुन्या कॉम्प्युटरची वायर नव्या टीव्हीला बसेना. स्टेशनजवळच्या दुकानातून जोडणारी वस्तू आणली, तर चित्र आलं आणि आवाज नाही. आवाजाला वेगळी वायर लागली. जुनी विंडोज रडतखडत चालत होती, ती काढून फुकटातली हलकी सिस्टिम टाकली, ती टाकताना दोनदा सगळं पुसलं गेलं आणि मी दोनदा मोठ्याने रडले. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे आतला बारका सेल मेलेला. लाइट गेली की त्या मशीनला आज कुठली तारीख ते आठवायचं नाही, आणि काळ्या पडद्यावर अमुक बटण दाबा म्हणून अडून बसायचं. घरात असा एक होताच, दुसरा कशाला हवा! घड्याळवाल्याकडून नाण्याएवढा सेल आणून बसवला, तेव्हा कुठे ते शहाण्यासारखं वागायला लागलं.

सीड्या एकेक करून आत उतरवल्या. काही इतक्या ओरखडलेल्या की गौळणीत बुवा अडकायचा आणि तेच अक्षर कुटत बसायचा. त्या बाजूला काढल्या. बाकीचे सामने ओळीने लावले आणि शेवटी असं जुळवलं की आईने फक्त पुढचं एक बटण दाबायचं. कीबोर्ड नाही, माउस नाही, विचारणं नाही. बटण दाबलं की थेट स्तवन. डबा उभा काही टीव्हीखालच्या कप्प्यात मावेना, म्हणून आडवा घातला. पंख्यावरची भोकांची जाळी त्यामुळे वरच्या बाजूला आली. मला वाटलं, बरंच झालं, हवा खेळती राहील.

आणि बाबा बसले. रोज बसायला लागले. चहा झाला की उठायचे, शर्टाची बटणं, पिशवी, आणि तेवढ्यात आई बटण दाबायची. पखवाज वाजला की पिशवी परत खुंटीला लावून ते भिंतीला टेकून मांडी घालायचे. समोरच्या बुवाने सवाल टाकला की खुदकन हसायचे, "आता ह्येचा उत्तर काय देतलो बगूया." तोच सामना त्यांनी कितीदा ऐकला असेल, त्यांना दर वेळी तो नवा होता. आई आत काम करता करता ऐकायची. भाजी चिरताना तिचे ओठ हलायचे. तिला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. आमच्याकडे भजनाला बुवा आणि मंडळ बाहेर बसायचं, आणि बायका आत काळा चहा आणि उसळ करायच्या. अख्खी रात्र सामना ऐकायच्या त्या पडद्याआडून, टोप ढवळत.

पण माझी धाकधूक काही गेली नाही. घरी असले की माझे कान त्या मशीनच्या पंख्याकडे असायचे. ऑफिसात दुपारी फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघायचे. एका जुन्यापुराण्या डब्यावर माझा बाप टांगलेला होता, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. दादा रविवारी यायचा, बाबांकडे बघायचा, डब्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "चालतोय का अजून?" त्या केंद्राचा विषय काढायचा नाही, पण तो त्या 'अजून'मध्ये असायचाच.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबांचं मोजमापाचं मायक्रोमीटर, विळी, माझी कात्री, हातोडी, सगळं पाटावर. त्या वर्षी आईने पूजेचं ताट उचललं आणि टीव्हीकडे गेली. कॉम्प्युटरला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं, आपट्याचं पान ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. मी म्हटलं, "आई, काय चाललंय?" ती म्हणाली, "ह्या यंत्रान तुझ्या बापाशीक घरात ठेवल्यान. विळयेक फूल मिळता, तर हेका नको?" मी हसले आणि मीही हात जोडले. खरं सांगायचं तर मनापासून जोडले. त्या दिवशी दादाची माणसं जेवायला होती, श्रीखंड-पुरी, गप्पा, मुलांचा दंगा. बाबा त्यातच रमले आणि मशीन लावायची वेळच आली नाही. संध्याकाळी खालच्या मैदानातली देवी वाजतगाजत विसर्जनाला गेली, ती त्यांनी खिडकीतून बघितली.

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीला ऑफिसात होते. फोन वाजला. आई.

"मशीन बंद पडला गो. आणि ते खंय दिसणत नाय."

मी पर्स उचलली. "कधी? कधीपासून?"

ती धापा टाकत होती. तिने नेहमीसारखं बटण दाबलं होतं, सामना सुरू झाला होता, बाबा बसले होते. पाणी आलं म्हणून ती मोरीत भरायला गेली. पहिल्या बुवाचा सवाल तिला आत ऐकू आला. मग आवाज थांबला. तिला वाटलं, पहिली बारी संपली, आता दुसरं मंडळ पखवाज लावून घेतंय. सामन्यात असं होतंच. म्हणून ती कळशी भरत राहिली. बाहेर आली तेव्हा टीव्ही काळा, दार सताड उघडं.

"दादाक सांगू नको," ती म्हणाली.

मी जिना उतरले, रिक्षा पकडली. "साकीनाका, जल्दी." जल्दी कसली, मरोळच्या पुढे सगळं ठप्प. मी रिक्षातून डोकं बाहेर काढून दोन्ही फुटपाथ बघत होते. पांढरा शर्ट दिसला की मी हाक मारायचे, मग तो दुसराच कोणीतरी निघायचा. मुंबईत एवढी माणसं पांढरे शर्ट घालतात हे मला तेव्हा कळलं. मी नुसती घाबरले नव्हते, मला राग आला होता. आईचा, मशीनचा, दादाच्या त्या स्वच्छ जागेचा, आणि सांगायला लाज वाटते, पण सगळ्यात जास्त बाबांचा. एवढं केलं तुमच्यासाठी, एक दुपार बसता येत नाही?

शेवटी मी उतरून पळायलाच लागले. नाक्यावर दुभाजकापाशी गेले, जिथे दादाला ते सापडले होते. तिथे नव्हते. एक ट्रक इतक्या जवळून गेला की ओढणी उडाली. गल्लीत शिरले. बाबांच्या कारखान्याच्या जागी आता पार्सलांचं गोदाम आहे. दारावरच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "इथे कोणी म्हातारा आला नाही, मॅडम." मी त्याच्यावर ओरडले, "नीट बघितलंत का? नीट बघा!" त्याचा काय दोष? पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं. तो बिचारा मागच्या बाजूलाही बघून आला. नव्हते.

मी दादाचा नंबर काढला. आता सांगायलाच हवं होतं, पोलिसांत जायचं तर तो हवाच होता. अंगठा बटणावर होता आणि तेवढ्यात आईचा फोन आला.

"पिशवी हयच हा," ती म्हणाली.

"काय?"

"त्येंची पिशवी. खुंटयेर हा. पाळयेक जातत ते पिशवी घेऊन. आणि झांजा नाय हत गो. देवाच्या फळयेवरच्यो झांजा नाय हत."

मला काही कळेना. मी म्हटलं, "झांजा घेऊन कुठे जातील?"

"सामनो मोडलो ना मधीच! सवाल झालो, उत्तर झाला नाय. ते कामाक गेले नाय, भजनाक गेले. मी आधी देवळात बघतंय, मग मैदानात, मंडपात." आणि तिने फोन ठेवला.

मी घराच्या दिशेने धावले. वाटेत रिक्षा मिळाली. अर्धा वेळ आपण भलत्याच ठिकाणी शोधण्यात घालवला होता.

देवी गेली की दुसऱ्या दिवशी मंडप उतरवतात. मी पोचले तेव्हा कापड निघालं होतं, वरचे वासे सुटे करत होते. दोन माणसं उंच बांबूंवर चढलेली, खाली चौघं दोर धरून उभी, आणि एक आडवा लांब वासा एका टोकाने सुटून दोराला लोंबत होता. त्याच्या बरोब्बर खाली, रिकाम्या स्टेजच्या मधोमध, बाबा मांडी घालून बसले होते. हातात झांजा. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"ओ ताई, तुमचे आहेत का हे?" मुकादम माझ्या अंगावर आला. "उठवा यांना! उचलायला गेलो तर झांज हाणली हो माझ्या माणसाला. वरचा वासा सुटलाय, किती वेळ धरणार? हात भरून आलेत पोरांचे."

मी स्टेजवर चढले. "बाबा, चला. घरी चला."

ते माझ्याकडे बघेनात. "समोरचो बुवा येवक नाय अजून."

"सामना संपला, बाबा. सगळे गेले बघा घरी."

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मला लहानपणीसारखी मान खाली घालावीशी वाटली. "गजर झालो नाय तर संपलो कसो? सवाल टाकून आमी उठान जाव? लाज नाय वाटणा?"

मी त्यांचा दंड धरून ओढला. त्यांनी हिसडा दिला. या वयात एवढी ताकद कुठून येते! वरून कोणीतरी ओरडलं, "जल्दी करो, सरक रहा है!" दोर करकरला. मी अक्षरशः हात जोडले, रडत म्हटलं, "बाबा, मरायचंय का तुम्हाला?" ज्या नियमाच्या जोरावर मी त्यांना इतके दिवस घरात बसवलं होतं, तोच नियम त्यांना आता त्या वाशाखालून हलू देत नव्हता.

आई कधी आली मला कळलं नाही. ती आधी मंदिराच्या ओट्यावर बघून आली होती. स्टेजच्या पायरीशी तिने चपला काढल्या. पदर खोचला. वर आली, मला हाताने बाजूला केलं आणि बाबांच्या समोर, वाशाच्या खालीच, मांडी घालून बसली. स्टेजला हात लावून नमस्कार केला, आणि गायला लागली.

पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला तो उघडला. जाड, खरखरीत, खालच्या पट्टीतला आवाज, आणि मी या बाईच्या पोटी जन्माला येऊन तो पहिल्यांदा ऐकत होते. मशीन बंद पडलं तेव्हा जो सवाल अधांतरी राहिला होता, त्याचंच उत्तर ती देत होती. सीडीतल्या बुवाने दिलेलं, शब्द न् शब्द. ते तिला पाठ होतं. आडून ऐकलेले सगळे सामने तिला पाठ होते.

बाबांचा चेहरा फुलला. झांजा वर आल्या. ठेका धरला. वर बांबूवरची माणसं खाली वाकून बघायला लागली. खाली दोर धरलेल्या पोरांनी हाताला पीळ देऊन दोर आणखी घट्ट आवळला. मी त्या वाशाकडे बघत होते. तो हलत होता. मी मनात म्हणत होते, आई, आटप, आई, आटप गं.

तिने आटपलं नाही. घाई केली असती तर बाबा उठले नसते, हे तिला माहीत होतं. उत्तर पुरं केलं, उलटा चिमटा काढला, बाबा मोठ्याने हसले, मग तिने गजराला हात घातला. लय चढत गेली, झांजा कडाडल्या, एका पोराने दोर धरल्या धरल्या पायाने ताल धरला. आणि मग एकदम थांबलं.

बाबांनी झांजा खाली ठेवल्या. स्टेजला डोकं टेकलं. आईला दोन्ही हात जोडले. "बुवा, मजा इली," म्हणाले, आणि आपल्या पायांनी उठून पायऱ्या उतरले. आई मागोमाग, मी तिच्या मागे. आम्ही कडेला पोचलो तेव्हा मुकादमाने हाक दिली, पोरांनी दोर सैल केला आणि वासा स्टेजवर येऊन आदळला. फळ्या दणाणल्या. बाबांनी मागे वळूनही बघितलं नाही.

घरी येऊन मी मशीन उघडलं. मला राग काढायला काहीतरी हवंच होतं. चारी स्क्रू काढून पत्रा उचलला. पंख्याच्या पात्यात आणि कडेच्या मधे एक तांदळाचा दाणा रुतला होता, कुंकवाने लाल झालेला, वाळून चिकटलेला. पंखा फिरलाच नव्हता. मशीन तापलं आणि बंद पडलं.

मी चिमट्याने तो दाणा काढून तळहातावर घेतला आणि ओरडायला तोंड उघडलं. आई मागेच उभी होती. तिने दाणा बघितला आणि मटकन खाली बसली. मघाशी वाशाखाली न हललेली बाई ती. "माझ्याच हातान," म्हणाली. "माझ्याच हातान मी त्येंका भायर घातलंय."

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "पुढच्या वर्षी नुसतं कुंकू लाव. बाहेरून. अक्षता विळीला." ती हसली नाही, पण तिने माझा हात धरला.

संध्याकाळी दादाचा फोन आला, रोजच्यासारखा. "बाबा बरे आहेत ना? कुठे गेले-बिले नाहीत ना?" मी काय सांगू? मी ठीक आहे म्हटलं होतं त्याला. खरं सांगितलं तर बाबा त्या स्वच्छ जागेत जाणार होते, आणि नाही सांगितलं तर मी खोटारडी. "अगं, बोल ना," तो म्हणाला. आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"एकटे खंय गेले नाय रे," ती म्हणाली. "भजनाक गेलेले मैदानात. मी होतंय ना सोबत."

दादा मूर्ख नाही. त्याने हळूच विचारलं, "आणि परत गेले तर?"

"परत मी जातलंय."

पलंगावरून बाबांनी हाक मारली, "बुवा! उद्या पयली बारी कोणाची?"

आईने फोनवर हात ठेवला. "तुमची," म्हणाली. "चाय झाली की."

त्या दिवसानंतर बाबांनी आईला बायको म्हणून हाक मारली नाही. ती त्यांचा समोरचा बुवा झाली ती झालीच. मशीन अजून चालतंय. मी जाळीवर पातळ कापड ताणून बसवलंय. सामन्यांमधल्या दुसऱ्या बुवाच्या बाऱ्या मी कापून काढल्या. पहिला बुवा सवाल टाकतो आणि मशीन गप्प होतं. मग आई पदर खोचून समोर बसते आणि उत्तर देते. गजर दोघांचा. दादा रविवारी येतो तेव्हा दाराशी चपला काढून मागे बसतो. केंद्राचं नाव त्याने परत काढलेलं नाही, निदान आजपर्यंत तरी नाही.

एकदा मला राहवलं नाही. चिडूनच विचारलं मी तिला, "तुला काहीच वाटत नाही का गं? एवढा जन्म काढलास त्यांच्याबरोबर, आणि ते तुला बुवा म्हणतात. बायको कोण ते आठवतसुद्धा नाही त्यांना."

ती निवडत होती ते तांदूळ तिने बाजूला सारले.

"वाटता गो. रडलंय मी," ती म्हणाली. "पण बायको म्हणान मी दारात आडवी पडलंय, तेव्हा ते माका ओलांडून गेले. बुवाक ओलांडून खंय जातले?"

मग दुपार झाली होती म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.